साखर किती?

पहाटे सहाला मी हिबाकची कॉर्सेट आवळते.
"श्वास सोड," मी म्हणते, "आणि आता घेऊ नकोस."
ती आरशात हसते, "डेलिथ, हे मला जन्मापासून येतं."

तीस वर्षं मी बायकांना जुन्या काळात कोंबते आहे.
किती सरदारकन्या माझ्या हातांखालून गेल्या,
सगळ्यांच्या पाठी सायीच्या रंगाच्या,
माझी अस्तरंही त्याच रंगाची.
हिच्यासाठी परवा कार्डिफहून नवं कापड मागवलं.
दुकानदार म्हणाला, ह्याला आम्ही कॉफी म्हणतो.
मी माझ्या वहीत लिहिलं : हिबाकचा खांदा.

गावातल्या बेकरीत मला विचारतात,
"त्या काळी होते का गं असे लोक इथे?"
पाव गरम असतो, मी काही बोलत नाही.
हुकांच्या ओळीखाली मी चेन शिवली आहे,
नायकाचे दात मागच्या उन्हाळ्यात सरळ केलेत,
त्याबद्दल अजून एकाही माणसाने
हटकलेलं नाही.

हिबाकचा पणजोबा बर्बेराहून आला,
कोळशाच्या बोटीवर, भट्टीपाशी.
गोदीमागच्या गल्लीत ती वाढली.
शेजारच्या मुली राजवाडा-राजवाडा खेळायच्या
आणि हिला दर वेळी घोडा करायच्या.
"चांगला घोडा होते मी," ती सांगते,
"दारं लाथेनं उघडायचे."

ह्या हवेलीच्या जिन्यावर एक तसबीर आहे.
पिवळ्या रेशमातली तरुण मालकीण,
मांडीवर कुत्रं, मागे डोंगर,
आणि डाव्या कडेला, चौकटीला लागून,
चांदीचं तबक धरलेली चार बोटं.
काळी. पुढे मनगट नाही.
राखणदार एमरिस म्हणतो,
चौकट लिलावात स्वस्त मिळाली, लहान होती,
म्हणून चित्र आत दुमडलं.
इतकंच.

हिबाक तिथे खूप वेळ उभी होती,
अंगावर तेच पिवळं रेशीम, मीच शिवलेलं.
"डेलिथ, मी हिची मालकीण झाले का गं?"
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
नसत्या, तरी काय बोलले असते?

दुपारी चहाचा प्रसंग.
हवेली उसाच्या पैशावर उभी राहिली,
पण संहितेत साखर एकदाच येते :
पाहुण्याकडे बघून हिने विचारायचं, "साखर किती?"
सहा वेळा तिने विचारलं. गोड, बरोबर.
सातव्या वेळी तिची मान डावीकडे वळली,
जिथे कुणी उभं नव्हतं,
आणि ती थांबली.
उत्तर यायचं असावं, तशी.
ध्वनीवाल्याने कानावरचा हेडफोन दाबून धरला.

दिग्दर्शक म्हणाला, "कट. कुणाला बघत होतीस?"
त्याने ते ठेवलं की कापलं, मला ठाऊक नाही.

रात्री मी नाड्या सोडते.
पाठीवर वळ उठलेत, जाळीसारखे,
ते कोणाच्याही पाठीवर उठतात.
ती एकदम खोल श्वास घेते, खोकते, पाणी मागते.
मग म्हणते, "मी भांडून आलेय.
उद्या एक मुलगी वाढवतायत, तबक घेऊन येणारी.
तिला नाव असेल, आणि दोन वाक्यं.
मी चार मागितली होती."
ग्लास खाली ठेवते.
"चार बोटांवरून अंगाचं माप काढता येतं?"

"येतं," मी म्हणते.
खरं तर कधी काढलेलं नाही.
वही, फीत आणि टॉर्च घेऊन
मी जिन्यावर बसले आहे.
करंगळीपासून सुरुवात केलीय.