दाजीपूरला, गवा बघायला

गेटवर केरबानं आधी माझा हात हुंगला.
"अत्तर?"
काल पुतणीचं लग्न होतं, म्हणालो.
त्यानं ओढ्याकडं बोट केलं.
डिसेंबरच्या पाण्यात मनगटं चोळून आलो,
वऱ्हाडी असल्याचा शेवटचा पुरावा धुऊन.

मोबाईल पिशवीत. भडंगाची पुडीही.
"वास त्यास्नी कळतोय," केरबा म्हणाला,
"आणि कोल्हापूरकराला दम निघत न्हाई, त्ये मला कळतंय."

सड्याच्या कडेला बसून राहिलो.
दव वाळलं. पायांना मुंग्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या.
मग कारवीमागं कुणीतरी
लोहाराच्या भात्यासारखा श्वास सोडला.

आधी दिसले चार पांढरे मोजे,
शाळेला निघाल्यासारखे, गुडघ्यापर्यंत ओढलेले.
वर नुसता अंधार,
उन्हातही न विरघळलेला.

मी पुढं सरकलो, मला न विचारताच.
केरबाचा तळवा छातीवर आला, हलकाच.
"हितनंच. त्येनं मान उचलली की आपण चुकलो."

मान उचलली नाही त्यानं.
चरत राहिला,
मी जन्मलोच नसल्यासारखा.

परतीच्या एस्टीत बायकोचा फोन. दिसला?
दिसला.
फोटो?
म्हटलं, भडंगाची पुडी अजून फोडली नाही बघ.