मायनर

अर्जावर दोन चौकटी होत्या.
मेजर : अर्थशास्त्र.
मायनर : मी लिहिलं, फ्रेंच.
खिडकीतल्या बाबूनं विचारलं, याचं पुढे काय?
मला पुढचं माहीत नव्हतं, मी पावती मागितली.

घरी आबा बॅटरीत सेल भरत होते.
मायनर म्हटल्यावर मान वर केली.
तीस वर्षं पाटकरी. त्यांच्या लेखी मायनर म्हणजे
गिरणेच्या कालव्यातून फुटलेली,
उंदरांनी पोखरलेली, गाळानं अर्धी भरलेली.
"कोन्ती? चौदा नंबर?"
"नही आबा, फ्रेंच."
"मंग तिनं पानी टेलले पोचस का?"

कजगावहून सकाळची शटल, जळगाव, मग रिक्षा.
वर्गात पस्तीस बाकं आणि आम्ही चौघं.
प्रणिलला जहाजावर कूक व्हायचंय,
भाविकाला पुण्यात कानाला हेडफोन लावून नोकरी,
यशोधनला दुसरीकडे जागाच उरली नव्हती.
तडवी मॅडम यावलच्या. हजेरी घेताना
आमच्या नावांतला र घशात नेऊन खरवडतात.
पहिल्याच तासाला म्हणाल्या,
शेवटचं अक्षर लिहायचं, पण बोलायचं नाही.
"मग लिहायचंच कशाला, मॅडम?"
"पुढे स्वर आला, तर लागतं."
त्या दिवशी वहीत मी एवढंच उतरवलं.

नंतर एकदा फळ्यावर ओळीनं
ल, ला, ले.
आणि मला पाचवीतला फळा दिसला :
माले नाही म्हणायचं, मला म्हणायचं,
पन्नास वेळा, दुपारच्या सुट्टीत,
हाताला खडूची पांढरी साय येईपर्यंत.
इथे मॅडम शांतपणे सांगत होत्या,
ला एकटीसाठी,
ले सगळ्यांसाठी.

सत्याण्णववर सगळे रडतात, त्या म्हणाल्या.
तिकडे म्हणतात चार वीस आणि सतरा.
मी नाही रडले.
आई लिंबं तशीच मोजते,
च्यार ईसा नि सतरा,
सडकं लिंबू हाताला लागलं की मोजणी न मोडता बाजूला टाकते.
व्यापाऱ्याचा पोरगा मोबाईलवर बेरीज करून हसतो
आणि आकडा तोच येतो.

मग एक दिवस 'शे' आलं.
शे म्वा म्हणजे माझ्या घरी.
माझ्या घरी शे म्हणजे आहे.
चहा शे. आई शे. लाइट नही शे.
मी एकटीच हसत सुटले, भाविकानं कोपरानं ढोसलं.
तास संपल्यावर मॅडमना सांगितलं.
"पेपरात असलं लिहू नकोस," म्हणाल्या
आणि हजेरीपटाच्या मागच्या पानावर
काहीतरी बारीक अक्षरात लिहून घेतलं.

तोंडी परीक्षेला प्रश्न ठरलेला : वडील काय करतात?
शेतकऱ्याला शब्द होता, शिंप्याला होता,
पाववाल्याला तर केव्हाचा पाठ.
पाटकरी पुस्तकात नव्हता.
ग्रंथालयातल्या जाड कोशात, पान सुटलेलं, तरी सापडला :
एक्ल्युझिए.
कालव्याचे दरवाजे उघडणारा, मिटणारा,
येणाऱ्या होड्यांना पाण्यासोबत वर चढवणारा.

रात्री आबांना वाचून दाखवलं.
होड्यांचं त्यांनी ऐकून सोडून दिलं.
आमच्या मायनरला चप्पलसुद्धा धड तरंगत नाही.
थोड्या वेळानं विचारलं,
"त्यासले बी रात्ले उठनं पडस का?"
मी म्हटलं, बहुतेक.
हे कोशात नव्हतं.

दोन वाजताची पाळी होती.
मफलर बांधला, चावी कमरेला, बॅटरी हातात,
उंबऱ्यातून मागे वळले.
"काय शब्द व्हता तो?"
एक्ल्युझिए.
त्यांनी म्हणून बघितला, एकदाच, तंबाखू गालात सरकवून.
शेवटी र लिहितात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं,
म्हणून बरोबर आला.
मग सायकलचं स्टँड वाजलं.