वास उना का

आखाजीला लेकी माहेरी येतात.
यंदा आमच्या घरी उलटी फेरी.
हर्षालीला नववा लागला, डॉक्टरनं पलंग सोडू नको सांगितलं,
तर देवकाच गेली उधन्याला,
एका पिशवीत बिबडे, एका पिशवीत शेवग्याच्या शेंगा घेऊन.
मला ठेवून गेली सात कोंबड्यांच्या हवाली.

लिहून काही दिलं नाही.
बादलीवर बोट ठेवून बोलत गेली:
एवढी ज्वारी, एवढा भरडलेला मका, बाजरी मूठभर,
पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं.
नळाचं ताजं ओतू नका, रात्रभर उघडं राहू द्या.
दोन वेळा ढवळा.
वर पांढरी साय धरली तर घाबरू नका,
हिरवं-काळं दिसलं तर सरळ उकिरडा.
बाकी तुमचं नाक सांगेल.

माझं नाक!
बत्तीस वर्षं एरंडोल-कासोदा-भडगाव,
या नाकाला डिझेल कळतं, बाजारच्या दिवशीचा घाम कळतो,
टपावरची मेथी उतरवताना कळते.

पहिली बादली मी गच्चीवर ठेवली, झाकण घट्ट.
चव्वेचाळीस डिग्रीत दीड दिवस.
उघडली तेव्हा शेजारचे भिका वाणी विचारायला आले,
घरात उंदीर मेला का.

दुसरी माठाजवळ, ओल्या गोणपाटात.
झाकण नुसतं टेकवलेलं.

देवका त्यांना रंगानं हाका मारायची.
मला रंग लक्षात राहत नाहीत, थांबे राहतात.
म्हणून आता अंगणात
कासोदा आहे, फरकांडे आहे, आडगाव आहे,
आणि ती मानेवर पिसं नसलेली,
सगळ्यांच्या आधी चढणारी, ती भडगाव.
पऱ्हाट्यांच्या खुराड्याचं दार उघडून
रोज सहाला मोजतो. सात.
संध्याकाळी परत मोजतो.
हिशोब जुळल्याशिवाय जेवण उतरत नाही, ही डेपोची खोड.

तिसऱ्या दिवशी बादलीतून बुडबुडा आला.
एकच. मग बराच वेळ काही नाही.
मग कडेकडेनं, भरल्या गाडीत
मागून पुढे सरकत यावीत माणसं, तसे.
मी वाकलो
आणि वास आला.

हा तर बिबड्यांच्या ज्वारीचा वास.
इतकी वर्षं चैत्रात घरभर असायचा,
आणि मी ड्युटीवरून यायचो, नाक मुरडायचो,
म्हणायचो, काय कुजवून ठेवलंय.
ती ताटलीत गरम घाटा वाढायची, वर तेलाची धार,
मी पेपर वाचत खायचो.

जाळीवर गाळलं. आंबट पाणी वाटीभर मागे ठेवलं,
पुढच्या बादलीला. हेही तिनंच सांगितलेलं.
फुगलेले दाणे टोपल्यात ओतले
तशा सातही तुटून पडल्या,
आडगाव तर टोपल्यातच उभी राहिली.
कोरडं टाकलं की निम्मं मातीत जायचं,
हे चाटूनपुसून.
पंधरा दिवसांत विष्ठेचा उग्र दर्प गेला,
अंडं फोडायला आता वाटीची कड दोनदा आपटावी लागते.
फरकांडे मात्र खुडूक बसली आहे
कोंबडा नसलेल्या घरात, तीन अंड्यांवर.
उठवलं तर चोच मारते.
बसू दे, म्हटलं. तिकीट काढलंय तिनं.

रोज रात्री फोन येतो.
"कोंबड्या कश्या शेतस?"
मग, "वास उना का?"
मग कधीतरी, शेवटी, "जेवनात का?"
मी म्हणतो, हो.
खरं तर कधी कधी नाही.

काल फोन पहाटेच आला.
मुलगी झाली. अडीच किलो. दोघी बऱ्या.
मी काय बोलावं ते सुचेना,
म्हणून म्हटलं, थांब,
आणि फोन बादलीवर धरला.
पलीकडे ती गप्प ऐकत राहिली.
मग म्हणाली, आता तुम्ही ऐका.
खसखस झाली, कापड सरकल्यासारखी,
आणि इतका बारीक श्वास
की पंखा बंद करायला मी धावलो.

एवढ्यात भडगावनं पाय देऊन
वाटीतलं पाणी सांडलं.