अंक दोनशे बाराबद्दल माझं मत

सुरुवातीलाच सांगतो,
लोहगरुडाला पंचवीस हजार व्होल्टची तार
नंग्या हातानं धरता येणार नाही.
मी भुसावळच्या लोको शेडात फिटर आहे,
सतरा वर्षं झाली.
आमच्यात तारेजवळ जाण्याआधी परमिट लागतं,
अर्थिंगचा दांडा लागतो,
आणि बायकोचा चेहरा एकदा आठवावा लागतो.
ह्याला नुसती मूठ आवळली की पुरतं.
चित्रकाराला कुणीतरी शेड दाखवा.
चहा माझ्याकडून.

दुसरं म्हणजे, तो मरतो फार.
पूर्वी पाच वर्षांत एकदा मरायचा,
तर मी आणि भिकन शिंपी दोन दोन दिवस
शेवभाजीला हात लावत नव्हतो.
आता दर उन्हाळ्यात मरतो
आणि पोळ्याच्या आत परत येतो,
नवी छाती घेऊन.
मधल्या अंकात त्याच्या आईला
रडायला चार चौकटी देतात.
माउलीलाही आता सवय झाली असावी.
नीट बघा, तिसऱ्या चौकटीत
डोळ्याला लावलेला पदर कोरडा आहे.

आणि जग वाचवायची एवढी हौस,
तर दर वेळी मुंबई नाहीतर दिल्लीच का?
भुसावळला कुठकुठच्या गाड्या थांबतात,
हा थांबत नाही.
वहिनी म्हणतात, मे महिन्यात
सत्तेचाळीस डिग्रीत
त्या रेक्झिनच्या कपड्यांत येईल कसा तो,
आणि आला तर त्याच्या कूलरमध्ये पाणी कोण भरेल?

वहिनींचं मत मी मानतो.
त्या 'माप ओलांडलं कुणी' रोज साडेआठला बघतात,
कळण्याची भाकरी थापत,
टीव्हीकडे पाठ करून.
पाठमोऱ्याच सांगतात,
आता वीज चमकेल, आता ताट पडेल.
ताट पडतं.
तीनदा पडतं, तीन बाजूंनी.
मागच्या महिन्यात धाकट्या सुनेला अपघात झाला,
पट्टी सोडली तर आत दुसरीच नटी.
सासूला कळलं नाही, दिराला नाही,
नवऱ्यालासुद्धा नाही.
वहिनी भाकरी उलटत म्हणाल्या,
"एवढं मात्र खरं दाखवलं."

आता भिकनचं.
आमचं फाटलं ते चौऱ्याऐंशीव्या अंकावरून.
मी म्हणायचो, मुखवटा निघाला पाहिजे,
आत माणूस आहे ते दिसलं पाहिजे.
तो म्हणायचा, निघाला की संपलं.
स्टेशनामागच्या रद्दीवाल्यासमोर
गळपट्ट्या धरण्यापर्यंत गेलं.
अंक दोघांनी मिळून घेतलेला,
म्हणून पिना काढून वाटणी केली.
मधली पानं माझी, कव्हर त्याचं.
पुढे तो सुरतेला साडीच्या दुकानात लागला.
अकरा वर्षं.

परवा नाइट ड्यूटीला मोबाइलवर त्याचा आवाज आला,
मागे सुरतेचे हॉर्न,
"त्यासनी मुखवटा काढी टाका रे भो.
तुन्हंच खरं व्हतं."

मी अंक काढून बघितला.
चेहरा गोरा, दाढी कोरलेली,
वहिनींच्या मालिकेत जावई म्हणून खपेल असा.
इतकी वर्षं त्या पत्र्याआड
मी कुणाला उभं केलं होतं
ते इथे सांगणार नाही.
भिकननं कुणाला केलं होतं
ते विचारायचं मात्र राहून गेलं.

मी लिहिलं, नाही रे, तुझंच खरं होतं.
वाटलं, खूश होईल.
तर पाचव्या मिनिटाला उलटा सवाल,
"आसं कसं? मधलं पान काढ.
तुन्हाजोडे शे ना आजून?"

सकाळी घरी आलो, बूटसुद्धा न काढता
स्टुलावर चढलो.
माळ्यावर पत्र्याची पेटी, पेटीवर पाटा,
पाट्यावर लग्नातली भांडी.
वहिनी खालून ओरडल्या,
"भावजी, सांभाळून, आता ताट पडेल."

पडलं.
एकदाच.