रिकामं वजन

दुपारी तीनला डिचोलीच्या वाचनालयात
पेपर वाचणारे म्हातारे पेपरावरच पेंगतात,
तेव्हा मी कोपऱ्यातल्या संगणकावर बसतो.
भाच्याने शिकवलंय: तीन टिंबं, मग काळी खिडकी.
"मामा, खातं नको, काही नको.
कोण बघून गेलं ते कुणाला कळत नाही."

नाव टाकतो. आडनाव टाकतो. खाणीचं नाव टाकतो.

सर्व्हेअर रायकर दुबईत, टाय लावून.
ज्यांचा डंप व्हाळात उतरला
ते मॅनेजर सिक्वेरा आता पर्यावरणाचे सल्लागार.
ट्रकवाल्या घाडींचा उल्हास 'संस्थापक'.
कशाचा, ते खाली असणार,
पण खाली जाऊ देत नाहीत.
दोन बोटं सरकवलं की पडदा पडतो,
मागचं सगळं धुक्यात जातं
आणि समोर एकच प्रश्न: तुम्ही कोण?

चौदा वर्षं मी वजनकाट्यावर होतो.
काळ्या काचेची केबिन, पंखा, रजिस्टर.
ड्रायव्हरांना माझा हात तेवढा दिसे, पावती देणारा.
मला सगळं दिसे:
कोण रात्रभर झोपला नाही,
कोण सायबिणीच्या फोटोला बोट लावून चढ उतरतो.
भरलेला ट्रक एकदा, रिकामा ट्रक एकदा.
मोठ्यातून धाकटं वजा. उरतो तो माल.

इथे सगळे एकदाच काट्यावर चढलेत, भरून.
रिकामे परतले त्याची नोंद नाही.
रायकरांची बायको गेली ते वर्ष,
सिक्वेराच्या गाडीपुढे आम्ही मांडी घालून बसलो ती सकाळ,
उल्हासने किलोच्या भावाने विकलेले सात ट्रक.
त्या जागी तारखा एकमेकींना चिकटवल्यात,
सांधा दिसू नये अशा.

हसत नाही मी. मीही चिकटवल्याच असत्या.

शेवटी, रोज शेवटी, मेल्विता.
मेल्विता कुलासो, शिरसईची, लॅबमध्ये शिकाऊ.
लाल झालेल्या बुटांनी
नमुन्यांच्या पिशव्या घेऊन काट्यापाशी यायची.
पहिल्याच आठवड्यात आकडा चुकला, तेव्हा रडली होती.
मी काय बोललो ते आठवत नाही.
डब्याच्या झाकणातून सोलकढी दिली होती, बहुतेक.
आता पर्थला, मोठ्या हुद्द्यावर.
फोटोत मागे डोंगर, आपल्यासारखाच लाल,
फक्त काजू नसलेला.
आणि स्वतःविषयी, इंग्रजीत:
कामातला पहिला धडा मला कॉलेजने दिला नाही,
वजनकाट्यावरच्या एका माणसाने दिला. तो म्हणायचा

तीन टिंबं.
पडदा.
तुम्ही कोण?

अकरा दिवस मी इथवर येऊन परत जातो.
आज नाव लिहिलं, सगुण गांवस.
भाच्याचा ईमेल लिहिला.
'सध्याचा हुद्दा' पाशी ती उभी काडी
उघडझाप करत राहिली
रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकच्या दिव्यासारखी.
ग्रंथपाल उषाताई किल्ल्या वाजवत म्हणाल्या, झालं का हो?
झालं, म्हटलं.
काळी खिडकी मिटली की आपल्याला विसरते,
हा तिचा गुण.

घरी जाताना स्कूटरवर हेल्मेटच्या आत
वाक्य पुरं करून बघतो.
तो म्हणायचा, आधी रिकामं तोल.
तो म्हणायचा, आकडा खोडू नकोस, शेजारी बरोबर लिही.
तो म्हणायचा, चुकलीस ती पाच किलोंनी,
डोंगराला कळलंसुद्धा नाही.
यातलं एखादं असेल.
किंवा एकही नसेल,
आणि त्या बाहीने डोळे पुसणाऱ्या पोरीला
काचेआडच्या माणसाने
नुसतं विचारलं असेल,
जेवलीस?