उत्तरेची बाजू

कौन्सिलने फॉर्म पाठवलाय. चार रकाने:
नाव, स्पेलिंग, अर्थ, कोणी सांगितलं.
पॅरिशभर गेलिकमधले नवे फलक लागायचेत उन्हाळ्याआधी.
मी नकाशा घेऊन गॉर्मलकडे गेले.

ती अठ्ठ्याऐंशीची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत.
खिडकीतून दिसते ती गाड्या लावायची जागा
आणि टपांवर बसलेले समुद्रपक्षी.
नकाशा तिने चष्मा न लावताच बाजूला सारला.
"हे वरून बघणाऱ्याचं काम.
मी वरून कधी बघितलेलं नाही."

मग मांडीवरची घोंगडी तिने नीट विस्कटली.
नीट विस्कटली, हेच म्हणायला हवं:
उजवा गुडघा जरा वर घेतला, ती क्रोख्क नन स्गारव,
पाणकावळ्यांची टेकडी. लिहिताना त्यात न येतो,
बोलताना र. "लिहिणाऱ्यांनी हाक कुठे मारलीय कधी."
दोन गुडघ्यांमध्ये घळ, घळीतून ओहळ,
ओहळावर पाउल ना हेस्किन, वामेचा डोह,
आणि शिवण उसवलीय तिथे लेम अन तालियर,
शिंप्याची उडी.
शिंपी उडाला एवढं नाव सांगतं.
पलीकडे टेकला का?
"टेकला असता तर नाव कशाला राहिलं असतं?"

दोन बोटं चालत होती, तर्जनी आणि मधलं,
गायींमागून जाणाऱ्या पोरीसारखी, रेंगाळत, मध्येच धावत.
इथे वारा लागतो. (बोटांनी खरंच अंग चोरलं.)
इथे बूट काढायचे.
इथे लाखलनची आई कुत्रं मोकळं सोडायची.
इथून जळणाची माती कापून आणायची,
पायाखाली ती साय धरल्यासारखी हलते.
एका बांधाला सात नावं.
नकाशात तिथे साधी रेघ नाही.

किनाऱ्याजवळ मात्र बोटं उचलली गेली
आणि दोन चुण्या सोडून पलीकडे उतरली.
मी म्हटलं, मधलं राहिलं की.
नकाशावर आहे ते: लाग अ वान्ये,
दुधाचा खळगा.

ती हसली नाही.
"ते फौजेतल्या मोजणीदाराला सांगितलेलं. माझ्या पणजीनं.
तो वही उघडून उभा, वाऱ्यानं पानं फडफडतायत,
तिनं तोंडातला शब्द श्वासभर बदलला.
वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा.
परक्याच्या वहीत ते कशाला द्यायचं?"

आणि खरं नाव सांगितलं.
कुजबुजून नाही. साध्या आवाजात,
मीठ दे म्हणावं तसं.
दुधाच्या किती जवळचं आहे ते.
सहा कोट वाळत घातले होते तिथल्या दगडांवर,
कुणी न्यायला येणार नव्हतं, तरी घातले होते,
बाह्या पसरून, खिसे उलटे काढून.
एका खिशात बटाटा निघाला, म्हणाली. उकडलेला.

पेन टेकवून मी बसून राहिले.
हे गाव माझंही आहे. मेंढरं घेऊन त्या खळग्यावरून
मी हजारदा गेलेय, दूध दूध म्हणत.
अर्थ, असं छापलंय, पुढे अडीच इंच जागा.

लिहिलं: दूध.
कोणी सांगितलं: गॉर्मल.
तिने उलट्या बाजूनं वाचलं.
"स्पेलिंगमध्ये दोन न आहेत," म्हणाली.

चहाच्या वेळेला नर्स आली, नवीच, पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावरची.
घोंगडीला हात घातला: डाग पडलेत, धुवायला टाकते.
गॉर्मलने पाणकावळ्यांवर तळवा ठेवला.
"थांब गं. उत्तरेची बाजू राहिलीय अजून."