आढळले नाही

बावीस गाठी काढल्या, म्हणाले डॉक्टर देवरे,
तीनमध्ये होतं.
आतड्याचा वीतभर तुकडा बरणीत घालून
थोरल्याला दाखवला. मी शुद्धीत नव्हतो.
तो त्या दिवशी जेवला नाही, एवढंच मला नंतर कळलं.

मग कागदावर पेनानं एक रेघ,
रेघेला फाटे,
एका फाट्याच्या टोकाला यकृत, दुसऱ्याच्या फुप्फुस.
"इथे जाऊ शकतं, गायधनी. जाईलच असं नाही.
तुमच्यासारख्या शंभरातल्या तीसेकांना."

शंभर.
चौतीस वर्षं मी शंभरच मोजले.
नाशिकरोडला, प्रेसमध्ये, तपासणीच्या टेबलावर
ट्यूबलाइटखाली कोरे करकरीत ताव.
शाई फुटलेला, आकडा सरकलेला,
कोपऱ्यात केसाएवढी रेघ आलेला.
डोळ्यांआधी बोटांना कळायचं.
बाजूला काढायचा, लाल पेन्सिल, पुढचा.
वाईट वाटायचं नाही. कागदच तो.

आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही:
एकदा, भोंग्याला पाच मिनिटं उरलेली असताना
एक ताव माझ्या हातून पुढे गेला.
गेटबाहेर सायकलचं कुलूप काढताना
बोटांना आठवलं.
परत फिरलो नाही.
त्याच्या किती नोटा कापल्या गेल्या, देव जाणे.
चलनात गेल्या.
कुणी मेथीची जुडी घेतली असेल,
कुणी आहेराच्या पाकिटात घातली असेल.
मला त्यातली एकही पुन्हा दिसली नाही,
आणि मी दर पगाराला शोधायचो.

आता रात्री तीनला, जाग आली की,
स्टेशनात डबे जोडल्याचा आवाज ऐकत
मी तो ताव माझ्या रक्तात शोधतो.
डॉक्टरांनी चीर देण्याआधीच
एखादी पेशी पडली असेल का गेटबाहेर?
कुठल्या गल्लीत वळली असेल?

शेजारचे बागूल म्हणतात, काढलं ना? मग विषय संपला.
मालन काही म्हणत नाही.
तिनं फक्त एक शब्द घरातून काढून टाकलाय.
पापड उन्हात 'ठेवते', चादर 'घालते'.
परवा नातवाला मी म्हण शिकवत होतो,
अंथरूण पाहून पाय...
ती आतून आली, हातात भिजलेलं फडकं,
आणि म्हण तिथेच राहिली.
पोरगा विचारतोय अजून, पाय काय, आजोबा?

चौथ्या किमोनंतर बोटं गेली.
डिसेंबरची थंडी, नळाचं पाणी काचेसारखं,
स्टीलचा पेला धरला तरी मुंग्यांचं वारूळ.
माझं ताकसुद्धा मालन कोमट करते,
आणि ते जसं लागतं तसं मी पितो.
सकाळी दूधवाल्याला द्यायला तिनं नोट दिली.
"दोन आहेत, चिकटल्यात," दूधवाला म्हणाला.
मला कळलं नव्हतं.
मला.

काल स्कॅनचा अहवाल आणला.
बिटकोच्या थांब्यावर, बस येईपर्यंत, उघडला.
दोन पानं इंग्रजी, शेवटी एक ओळ.
तिचं मराठी मी मनातल्या मनात केलं:
नव्याने काही आढळले नाही.
मालनला फोन लावला. "नाही," म्हणालो.
"नाही ना? नक्की नाही?"
मागे कुकरची शिट्टी झाली, तिनं ती मोजली नाही.

हेच वाक्य मी हजारो गठ्ठ्यांवर लिहिलं.
दोष आढळला नाही.
'दोष नाही' असं लिहायचं नाही,
साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
या दोन वाक्यांमध्ये किती जागा असते
ते तेव्हा पाहिलं नाही.
आता तिथेच राहतो,
तीन-तीन महिन्यांच्या भाडेकरारावर.
खाली घाईघाईतली सही होती.
बरी वाटली. कुणीतरी नीट पाहिलं असावं.
भोंग्याच्या आधी.

बस आली. कंडक्टरला वीसची नोट काढली,
आणि सवयीनं उजेडात धरली.
"काका, खरीच आहे," तो म्हणाला, "द्या."
दिली.